हौद्याचा तळ

मराठीत घर बांधतात, विहीर बांधतात, धरण बांधतात आणि ट्रकची बॉडीही बांधतात. मोटारगाडी कोणी बांधत नाही, ती घेतात. स्कूटर घेतात, ट्रॅक्टर घेतात. ट्रक मात्र नुसता घेऊन भागत नसे. आधी ‘चासी’ घ्यायची, मग ‘बॉडी बांधून घ्यायची’, असा तो दोन टप्प्यांचा व्यवहार होता आणि मोठ्या ट्रकांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी अजूनही आहे. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना महामार्गावरून जाणाऱ्या त्या उघड्या चासी आठवत असतील. पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी तुळया आणि मध्ये खोक्यासारख्या बैठकीवर डोक्याला फडके गुंडाळून बसलेला चालक. कारखान्यातून निघालेला तो निम्मा ट्रक असे. उरलेला निम्मा कुठल्या तरी गावाच्या वेशीबाहेर, सुतार आणि लोहार यांच्या हातून पुरा व्हायचा.

पहिल्या निम्म्याचा इतिहास लिहिला गेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. टाटांची टेल्को १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिनांसाठी सुरू झाली आणि १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून ट्रककडे वळली. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तिचा पुण्यातला कारखाना उभा राहिला. हे सारे ग्रंथांत, अहवालांत, चरित्रांत सापडते. दुसऱ्या निम्म्याची अशी नोंद नाही. ट्रकच्या कपाळपट्टीवरची नक्षी आणि मागची शेरोशायरी यांवर हौशीने लिहिले जाते, कारण ती डोळ्यांत भरते. ज्यावर माल ठेवला जातो तो तळ मात्र मालाखाली झाकलेला असतो आणि इतिहासातही तो झाकलेलाच राहिला.

गेली काही वर्षे मी या तळाच्या मागे आहे. माझ्याजवळ कोणतेही पुराभिलेख नाहीत. भंगारात निघालेल्या गाड्या, वजनकाट्याच्या पावत्या, नोंदणी पुस्तकातले रिकाम्या गाडीचे वजन आणि फॅब्रिकेशनच्या कारखान्यांतून तासन्‌तास उभे राहून पाहिलेले काम, एवढीच माझी साधने. भंगारातल्या जुन्या गाडीचा तळ उचकटला की एखाद्या उत्खननासारखे थर लागतात. सगळ्यांत खाली लाकडी फळी, तिच्यावर पातळ पत्रा, त्यावर कधीतरी नंतर टाकलेली जाड नक्षीची प्लेट. हे थर याच क्रमाने का पडले, हा या लेखाचा प्रश्न आहे. लाकूड वाईट आणि लोखंड चांगले म्हणून, असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. ते पुरेसे नाही असे मला वाटते.

साट्यापासून

ट्रकच्या मालाच्या भागाला आपण ‘हौदा’ म्हणतो. अरबी ‘हौदज’ फारसीतून आपल्याकडे हत्तीच्या पाठीवर आला आणि तिथून उतरून ट्रकवर चढला. मराठी कानाला त्यात पाण्याचा ‘हौद’ही ऐकू येतो, म्हणून चहूबाजूंनी कठडे असलेल्या त्या पेटीला हे नाव चपखल बसले. शब्द दरबारी असला तरी वस्तूचा वंश बैलगाडीचा आहे.

बैलगाडीत लोखंड कुठे असे आणि कुठे नसे, हे पाहण्यासारखे आहे. चाकावरची धाव लोखंडी. ती तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची. जिथे घासणे आणि फिरणे आहे तिथे लोहाराचे काम. साटा, म्हणजे ज्यावर ओझे बसते तो भाग, लाकडाचा. तिथे सुताराचे काम. दोघेही बलुतेदार, दोघांच्या कामाची सीमा ठरलेली. एखादी फळी मोडली तर तेवढीच काढून दुसरी बसवायची, सारा साटा उकलावा लागत नसे.

ट्रक आला तेव्हा ही वाटणी जशीच्या तशी त्याच्यावर गेली. फिरणारा भाग कारखान्याच्या लोखंडाचा, ओझे झेलणारा भाग गावच्या लाकडाचा. चासीवर आडव्या तुळया टाकायच्या, त्यांवर फळ्या ठोकायच्या, बाजूंना फाळके लावायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची जी जुनी वाहने विक्रीला निघाली, त्यांनीही ही पद्धत मोडली नाही. अमेरिकेच्या जीएमसी कंपनीच्या युद्धकाळातल्या अडीच टनी ट्रकांचा हौदा सुरुवातीला पोलादी होता, पण पोलाद वाचवण्यासाठी युद्ध चालू असतानाच तो लाकडी केला गेला. पोलादाचा सुकाळ असलेल्या देशाला जे करावे लागले, ते आपल्याकडे कित्येक वर्षे चालले तर त्यात मागासलेपणा कसला?

वजनाचा हिशेब

आता थोडे गणित. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे ७,८५० किलो. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन ७.८५ किलो. प्रत्येक फॅब्रिकेटरला हा आकडा पाठ असतो, कारण पत्रा किलोवर विकत मिळतो. बाभळीसारख्या कठीण लाकडाची घनता साधारण याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेव्हा २५ मिलिमीटर जाडीची फळी आणि अडीच मिलिमीटर जाडीचा पत्रा हे चौरस मीटरमागे जवळजवळ सारख्याच वजनाचे, वीसेक किलो.

वजन सारखे, पण वागणे सारखे नाही. कोणत्याही सपाट फळीचा किंवा पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. पोलाद मुळात लाकडापेक्षा पंधरा-वीसपट ताठ असले, तरी दहापट जाड असलेली फळी या घनाच्या नियमामुळे त्याला सहज मागे टाकते. सारख्या वजनाचा सपाट पत्रा आणि फळी दोन तुळयांवर टाकून मधोमध उभे राहा. फळी जेमतेम वाकेल, पत्रा झोळीसारखा खाली जाईल. लाकडी तळ बांधणाऱ्यांना सूत्र माहीत नव्हते, पण ही गोष्ट पायाला माहीत होती.

मग लोखंड जिंकले कशात? झिजण्यात. वाळू-खडीची फावडी फळीचे तुकडे काढतात, पावसात भिजलेली फळी कुजते, खिळ्याचे भोक रुंदावत जाते. म्हणून मालकांनी लाकडी तळावर पातळ पत्रा ठोकायला सुरुवात केली. उत्खननातला दुसरा थर तो हा. ताठपणा लाकडाचा, कातडी लोखंडाची. ही जोडी चांगली होती. तरीही पुढच्या पिढीत लाकूड पूर्णपणे गेले. त्याचे कारण मला गाड्यांत सापडले नाही. ते सरकारी निर्णयांच्या तारखांत सापडते.

दोन दरवाजे

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशके पत्रा ही रांगेत उभे राहून मिळवायची वस्तू होती. लोखंड-पोलादाचे भाव आणि वाटप सरकारच्या हाती होते. १९५६ च्या नियंत्रण आदेशाने ते कायद्यात पक्के झाले आणि नियंत्रकाचे कार्यालय कलकत्त्यात होते. देशात पत्रा व प्लेट काढण्याची क्षमता वाढावी म्हणून पश्चिम जर्मनीच्या मदतीने रूरकेलाचा कारखाना उभारला गेला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. सोव्हिएत मदतीच्या बोकारोची पहिली झोतभट्टी १९७२ मध्ये. हा पत्रा आधी मोठ्या कारखान्यांकडे, रेल्वेकडे, सरकारी कामांकडे जाणार हे उघड होते. रस्त्याकडेच्या बॉडीवाल्याच्या वाट्याला येई तो काळ्या बाजारातला किंवा जुनी पिंपे फाडून सपाट केलेला पत्रा.

त्याच १९५६ मध्ये आणखी एक निर्णय झाला, ज्याचा महाराष्ट्राच्या कारखानदारीशी थेट संबंध आहे आणि ज्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. तो म्हणजे पोलादाच्या वाहतूकखर्चाचे समानीकरण. जमशेदपूरच्या भट्टीजवळ पोलाद ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबई-पुण्याला मिळू लागले. खनिज आणि कोळसा ज्या बिहार-बंगालचा, त्यांचा नैसर्गिक फायदा गेला, आणि भट्टीपासून दूर असलेल्या आपल्या प्रांताला धातुकामाची मुभा मिळाली. पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत फोफावलेल्या धातुकामामागे आपल्या लोकांची हुशारी आहे यात शंका नाही, पण तिच्या पायाशी दुसऱ्या प्रांताने सोसलेली तूटही आहे. इतिहास लिहिताना ती मांडली पाहिजे.

भाव आणि वाटपावरचे हे नियंत्रण १९९२ मध्ये उठले, समानीकरणही त्याच सुमारास गेले. पैसे मोजले की हवा तेवढा पत्रा दुकानात मिळू लागला. हा झाला उघडणारा दरवाजा.

बंद होणारा दरवाजा लाकडाचा. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमीन इतर कामासाठी वळवण्यावर केंद्राचे बंधन आले. १९८८ च्या वननीतीने जंगलाकडे उद्योगाचा कच्चा माल म्हणून पाहण्याची दृष्टी अधिकृतपणे बदलली. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर आणि जंगलालगतच्या विनापरवाना आरागिरण्यांवर जो अंतरिम आदेश दिला, त्याने देशभरच्या लाकूडबाजाराला धक्का बसला. याच काळात रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे येत होते. चांगल्या जाडीची, वाळलेली, गाठ नसलेली फळी दुर्मिळ आणि महाग होत गेली.

१९८० ते १९९६ या सोळा वर्षांत एक दरवाजा हळूहळू लागत गेला आणि दुसरा एकदम उघडला. हौद्याचा तळ याच काळात लाकडाकडून पत्र्याकडे गेला, असा माझा निष्कर्ष आहे. त्या निर्णयांची आखणी करणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे ट्रकचा तळ असण्याचे कारण नव्हते. जंगल वाचवायचे होते, बाजार मोकळा करायचा होता. तळ बदलला तो त्यांच्या सावलीत.

कोणाच्याही वतनात नसलेला धंदा

तळ बदलला तसा तो बांधणारा माणूसही बदलला. लाकडी बॉडी सुताराच्या घरातून आली होती. पत्र्याचा तळ वेल्डरने आणला आणि वेल्डर हा कोणत्याही बलुत्यात नव्हता. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडण्याची कला आपल्याकडे नवी. वेल्डिंगच्या कांड्या बनवणारी अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी मुंबईत १९५१ मध्ये स्थापन झाली. १९५० मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन आयटीआय निघू लागल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. ज्याच्या बापाने ऐरण पाहिली नव्हती असा मुलगा दोन वर्षांत वेल्डर होऊन बाहेर पडू शकत होता.

मी पाहिलेल्या कारखान्यांत हे स्पष्ट दिसते. एकाच शेडमध्ये सुताराच्या घरातला, शेतमजुराच्या घरातला आणि विणकराच्या घरातला मुलगा एकाच मशीनवर काम करतात. बॉडीच्या धंद्यात लाकूड गेले याची हळहळ ज्यांना वाटते, त्यांनी ही बाजूही पाहावी. सुताराच्या हातातले कौशल्य त्याच्या मुलाला मिळाले नाही हे नुकसान खरे. इतर अनेकांच्या मुलांना तोवर बंद असलेला धंदा उघडला, हेही तितकेच खरे.

छोटी गाडी, तयार हौदा

मोठ्या ट्रकची गोष्ट इथवर आली असताना रस्त्यावर एक वेगळी जात वाढत होती. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने जर्मनीच्या टेंपो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो स्थापन झाली आणि तिची तीनचाकी मालगाडी आली. कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. पुढे ती गाडी गेली, २००५ मध्ये कंपनीचे नावही फोर्स मोटर्स झाले, पण लग्नाचे सामान आजही ‘टेंपो’तच जाते. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आला, आणि २००५ मध्ये गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेला एस. पाऊण टन वाहणारा, सातशे सीसीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाचा हा छोटा हत्ती पुण्यात जन्मला. महिंद्रांचे पिकअप तर आज तालुक्याच्या प्रत्येक बाजारात दिसतात.

या छोट्या गाड्या मालकाच्या दारात बहुधा तयार हौद्यासह येतात. कारखान्याच्या मोठ्या दाबयंत्रात पातळ पत्र्याला लांब उभे पन्हळ पाडलेले असतात. घनाच्या नियमावर ही युक्ती आहे. पत्रा जाड न करता त्याला घड्या घातल्या की तो ताठ होतो. कमी वजनात काम भागते. मग प्रश्न असा, की पूर्ण गाडी विकत घेतल्यानंतरही मालक पहिल्या महिन्यात फॅब्रिकेटरच्या दारात का उभा राहतो?

कारण कारखान्याला माल माहीत नसतो. लासलगावच्या आवारात लिलावाला ओळीने उभ्या राहणाऱ्या पिकअपमध्ये मोकळा कांदा असतो. त्याला गुळगुळीत तळ हवा, नाहीतर खालचा थर सोलून निघतो. वाळू आणि खडीवाल्यालाही सपाटच पत्रा लागतो, कारण नक्षीच्या उंचवट्यांवर फावडे अडते. पोती वाहणाऱ्याला उलट चेकर प्लेट हवी, कारण पावसाळ्यात हमालाचा पाय घसरता कामा नये. कोकणातल्या मासळीवाल्याच्या गाडीत बर्फाचे खारे पाणी दिवसभर तळाशी साचते, त्याला उतार आणि निचरा हवा. लोखंडी सामान वाहणाऱ्याला पन्हळ नकोच, कारण जड वस्तूचा कोपरा पन्हळाच्या माथ्यावर टेकला की तो माथा चेपतो. कारखाना एक तळ बनवतो. बाजाराला पाच-सहा तऱ्हांचे लागतात.

पत्रा बसतो कसा

हे काम जवळून पाहिले की त्यात किती विचार आहे ते कळते. मिस्त्री आधी लांबी-रुंदी मोजत नाही, कर्ण मोजतो. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात आणि मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही कर्ण सारखे आले तर हौदा गुण्यात आहे. वापरलेल्या गाडीचा तो सहसा नसतो, तेव्हा पत्रा कागदावरच्या चौकोनात न कापता गाडीच्या चौकोनात कापावा लागतो. चाकांवरच्या फुगवट्यांसाठी पुठ्ठ्याचा फर्मा काढतात.

बाजारातला पत्रा आठ बाय चार फुटांचा. पिकअपचा हौदा त्याहून रुंद, म्हणजे सांधा आलाच. हा सांधा आडव्या तुळईच्या डोक्यावरच पडला पाहिजे, दोन तुळयांच्या मध्ये पडला तर तिथूनच फाटणार. तुळयांचे अंतर हा खरा कळीचा मुद्दा. सारख्या पसरलेल्या ओझ्याखाली पत्र्याचा झोळ जाडी दुप्पट केल्यास आठव्या हिश्शावर येतो, पण तुळयांमधले अंतर निम्मे केल्यास सोळाव्या हिश्शावर. म्हणून जाणता मिस्त्री जाड प्लेटचा आग्रह धरणाऱ्या मालकाला पातळ पत्रा आणि दोन जादा आडवे चॅनल सुचवतो. मालकाला ते पटेलच असे नाही. जाड प्लेट डोळ्यांना दिसते, खालचा चॅनल दिसत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या, आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने हे विसरून चालत नाही. मग टाके. सलग शिवण मारली तर उष्णतेने पत्रा फुगून पोट काढतो, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे. जस्ती पत्र्यावर काम असेल तर जोडाजवळचे जस्त आधी घासून काढायचे, त्याचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. दोन्ही बाजूंना रेड ऑक्साइड, आणि खालच्या बाजूला तो पत्रा बसवण्याआधी. घाईत हीच पायरी गाळली जाते. कारखान्याच्या तळावरच नवी प्लेट टाकून चारी कडा झाळल्या की काम अर्ध्या वेळात होते, पण दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. तीन पावसाळ्यांत खालचा तळ गंजून वरच्या प्लेटखाली भुसा होतो आणि वरून काहीच दिसत नाही.

आणि एक नियम, जो चांगले मिस्त्री कधी मोडत नाहीत: चासीला वेल्डिंग नाही. चासी खड्ड्यांतून जाताना पिळवटते आणि तिला तसे पिळवटू द्यावे लागते. ताठ हौदा तिला जखडून टाकला तर चीर जोडाशी जाते. म्हणून बॉडी यू-बोल्टने कसतात आणि मोठ्या गाड्यांत चासी व बॉडीच्या मध्ये एक मऊ पट्टी देतात, रबराची किंवा लाकडाची.

तळ आणि ओझे

इथवर हे कौशल्याचे कौतुक झाले. आता त्यातला धोका.

प्रत्येक मालवाहनाचे मालासकट एकूण वजन किती असावे हे ठरलेले आणि नोंदलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता जे उरते तेवढाच माल कायदेशीर. म्हणजे तळात घातलेला प्रत्येक किलो मालातून वजा होतो. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्याचे क्षेत्रफळ ४.२५ चौरस मीटर. त्यात तीन मिलिमीटरची प्लेट टाकली तर वजन १०० किलो, नक्षीचे थोडे वेगळे. म्हणजे कांद्याच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या प्रत्येक खेपेला कमी. तीन चौरस मीटरच्या छोट्या हौद्यात हीच प्लेट ७० किलो भरते. पाऊण टन वाहणाऱ्या गाडीचा हा जवळजवळ दहावा हिस्सा.

हा हिशेब मालक करत नाही, कारण गोण्या कमी करायच्या हा त्याचा हेतूच नसतो. त्याला वाढवायच्या असतात. तळ भक्कम झाला की गाडीच भक्कम झाली असे त्याला वाटते. पण ॲक्सल तोच, ब्रेक तेच, पाटे तेच, टायर तेच. फार तर पाट्यांत एखादे पान वाढवले जाते. जुना पन्हळी पत्रा जास्त ओझ्याखाली खोल जाई, कुरकुरे, आणि मालकाला एका अर्थी सांगत असे की आता बस. नवी प्लेट काही बोलत नाही. घाटाच्या उतारावर ब्रेक तापल्यावर जे कळायचे ते कळते, आणि ते बहुधा चालकाला कळते, मालकाला नाही.

सरकारही या बाबतीत दीर्घकाळ दोन मनांनी वागले. काही राज्ये ठराविक रक्कम घेऊन जादा माल वाहू देणारी कार्डे देत. २००५ मध्ये परमजीत भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. २०१८ मध्ये केंद्राने अवजड वाहनांची ॲक्सल-मर्यादाच वाढवली. दोन ॲक्सलच्या ट्रकचे कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. रस्त्यावरचे तळ जे आधीपासून सोसत होते, त्याचा काही भाग कागदावर आला. २०१९ च्या दुरुस्तीने जादा ओझ्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये केला. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येणार नाही, असे सांगितले. ट्रकची केबिन आणि बॉडी कशी असावी याची स्वतंत्र मानकेही आली. ती पुण्याच्या एआरएआय या १९६६ पासूनच्या संस्थेकडून प्रसिद्ध होतात.

या नियमांची गरज मला मान्य आहे. ज्याने घाटातला अपघात पाहिला आहे तो त्यांना विरोध करणार नाही. पण त्यांचा एक परिणाम असा, की बॉडी बांधण्याचे काम मान्यताप्राप्त मोठ्या कारखान्यांकडे सरकते आहे आणि वेशीबाहेरच्या शेडमध्ये उरते आहे ते न नोंदलेले, पावतीशिवायचे काम. जो मिस्त्री जाड प्लेटऐवजी दोन चॅनल घाला म्हणतो आणि जो हवी तेवढी जाड प्लेट ठोकून देतो, ते दोघे कायद्याच्या नजरेत सारखेच. कोणत्या मालाला कसा तळ लागतो हे ज्ञान पहिल्याजवळ आहे आणि ते कोणत्याही मानकात नाही. त्याला नियमांच्या आत आणण्याचा मार्ग, म्हणजे लहान कारखान्याला परवडेल असे प्रमाणपत्र आणि काम झाल्यावर काट्यावर वजन करून नोंदणीत ते बदलण्याची सोपी सोय, हा काही फार मोठा विचार नाही. त्याने मिस्त्रीचे नाव कागदावर येईल आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही.

इतिहासाच्या दृष्टीने मला त्या कागदाचे मोल आणखी वेगळे आहे. पन्नास वर्षांनी कोणी या गाड्यांचा इतिहास लिहू पाहील, तेव्हा एसची जाहिरात, किंमत आणि इंजिन सापडेल. तिच्यात काय भरले गेले, तळ किती वेळा बदलला, कोणी बदलला, हे सापडणार नाही, कारण भंगारात गाडी सर्वांत आधी फाटते ती तळालाच आणि तो वितळवायला जातो. लाकडी तळ तर त्याआधीच चुलीत गेले. ज्यांच्या घरी जुन्या बॉडीवाल्यांची बिले, मापांच्या वह्या, कामाचे फोटो असतील त्यांनी ते जपावेत.

आणि लाकूड अगदीच गेलेले नाही. संपूर्ण पोलादी बॉडीच्या मोठ्या ट्रकखाली वाकून पाहा. चासीच्या तुळईवर, हौद्याच्या खाली, बोटभर जाडीची एक पट्टी दाबून बसलेली असते, काळी, वंगणाने माखलेली. दोन लोखंडांनी एकमेकांना तोडू नये म्हणून ती तिथे आहे, आणि आजही ती कित्येक शेडमध्ये लाकडाचीच घालतात.